पाहुणी आली आणि सिरियलचा निकाल लावून गेली

ही बाई ओळखलीत का? पांढरे केस, तोंड कायम वाकडं, आणि खिडकीतून अख्ख्या गल्लीवर नजर. अशी एक आपल्याही प्रत्येक सोसायटीत असतेच म्हणा. 'डेस्परेट हाउसवाइव्ज'मधली मिसेस मॅकक्लस्की, आणि हे काम करणारी कॅथरिन जूस्टन.

सिरियल अमेरिकेतल्या एबीसी चॅनलवर २००४ मध्ये सुरू झाली. विस्टेरिया लेन नावाची चकाचक गल्ली, चार मैत्रिणी, मधेच खून, मधेच लफडी, हसता हसता अचानक गळा दाटून यावा असा सगळा मसाला. पहिल्याच सीझनमध्ये जूस्टन गेस्ट म्हणून आली. काम काय, तर चौघींपैकी शेजारच्या लिनेटच्या पोरांशी भांडायचं, त्यांच्यावर चोरीचा आळ घ्यायचा, बस्स. असले रोल दोन एपिसोडात विसरले जातात. हिला २००५ मध्ये एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं अवॉर्ड, मिळालं, कॉमेडीतली बेस्ट गेस्ट अॅक्ट्रेस, आणि २००८ मध्ये परत त्याच रोलसाठी.

आता मागे जाऊया, कारण इथे खरी गंमत आहे. जूस्टनबाई मूळच्या नर्स, शिकागोच्या हॉस्पिटलमध्ये मानसिक रुग्णांच्या विभागात. मग लग्न, मुलं, घटस्फोट. अॅक्टिंग सुरू केली वयाच्या ४२व्या वर्षी, तीही गावातल्या हौशी नाटकात. १९९२ मध्ये ऑरलँडोला डिस्नेच्या पार्कात काम मिळालं, म्हणजे रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पब्लिकची करमणूक करायची. आणि १९९५ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, ह्या गेल्या हॉलिवूडला. ज्या वयात नट्यांचे फोन वाजायचे बंद होतात त्या वयात ही बाई ऑडिशनच्या लायनीत नव्याने उभी! मग छोटे छोटे रोल, आणि त्यातून 'द वेस्ट विंग'मधली राष्ट्राध्यक्षांची सेक्रेटरी मिसेस लँडिंगहॅम, तिथे नाव झालं. तेही कॅरेक्टर २००१ मध्ये कार अपघातात मारून टाकलं, ते सोडा.

तर मॅकक्लस्की. लेखकांच्या लक्षात आलं असणार की ह्या बाईच्या तोंडी काहीही द्या, ती ते पेलते. म्हणून तिसऱ्या सीझनमध्ये कळतं की म्हातारीने मेलेला नवरा तळघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवलाय, का तर त्याचं पेन्शन चालू राहावं म्हणून. ऐकायला फार्स वाटतो ना? पण जूस्टन ते अशी करते की आधी हसू येतं आणि मग वाटतं, अरे, एकट्या बाईने खायचं काय? आरडाओरडा नाही की रडारड नाही, नुसता तो खरबरीत आवाज आणि किंचित खाली गेलेली नजर, मला विचाराल तर दोन्ही एमी तिथेच वसूल.

जूस्टनला २००१ मध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर झाला होता, २००९ मध्ये पुन्हा झाला. शेवटच्या सीझनमध्ये निर्माता मार्क चेरी याने मॅकक्लस्कीलाही कॅन्सरच दिला. कोर्टात चौघींतल्या ब्रीवर खुनाचा खटला चालू असतो, ती आत जाणार हे जवळपास नक्की, आणि ही म्हातारी उठून सांगते की खून मी केला. केलेला नसतो अर्थात. पण मरायला टेकलेल्या बाईला शिक्षा देऊन देऊन काय देणार, हा तिचा हिशोब, आणि खटला तिथेच मोडतो. आठ सीझन, १८० एपिसोड, आणि त्या मैत्रिणींचा शेवटचा गुंता सोडवला कुणी, तर भांडायला म्हणून आणलेल्या शेजारणीने.

१३ मे २०१२ ला शेवटचा एपिसोड लागला, त्यात मॅकक्लस्की जाते. २ जूनला जूस्टन गेली, वीस दिवसांनी, त्याच आजाराने. जुलैत एमीची नॉमिनेशन्स आली त्यात तिचं नाव होतं, ह्या वेळी गेस्टमध्ये नाही, सपोर्टिंग अॅक्ट्रेसमध्ये. अवॉर्ड मात्र 'मॉडर्न फॅमिली'च्या ज्युली बोवेनला गेलं.