हेलिकॉप्टर नको, बातम्या ऐकवा

हेडफोनवर सराउंड साउंड, म्हणजे चहूबाजूंनी आल्यासारखा आवाज, देणारा प्रोसेसर बनवला, की लोकांना ऐकवायला सगळ्यात सोपं काय? डोक्याभोवती घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर. ऐकणारा खूश, बनवणारा त्याहून खूश. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही. आवाज फिरता असला की मेंदू बरंच सांभाळून घेतो. मला साध्या बातम्या ऐकवा. निवेदक बरोबर समोर, शून्य अंशावर. तो खरंच समोरून बोलतोय का, एवढंच मला बघायचंय.

आता हे इतकं अवघड का? आवाज कुठल्या कानात आधी पोचला आणि कुठल्या कानात जास्त जोरात पडला, यावरून आपण डावं-उजवं ओळखतो. लॉर्ड रॅले यांनी हे १९०७ साली मांडलं. अगदी बाजूने आलेल्या आवाजातही दोन कानांमधला फरक असतो जेमतेम ०.६५ मिलिसेकंदांचा. पण नाकासमोरचा आवाज घ्या, नाहीतर बरोबर पाठीमागचा. दोन्हीकडे हा फरक जवळपास शून्यच. मग पुढचं-मागचं कळतं ते बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे. त्या वरच्या पट्टीतल्या काही फ्रिक्वेन्सी दाबतात, काही उचलतात, आणि दिशा बदलली की ही नक्षी बदलते. शिवाय आपण नकळत मान वळवून खात्री करून घेतो. हेडफोनवर तीही सोय नाही. हेड ट्रॅकिंग, म्हणजे मान वळलेली ओळखून आवाज जागेवर ठेवणारी सोय, नसेल तर मान वळवली की निवेदकही तुमच्याबरोबर वळतो!

एमआयटी मीडिया लॅबमध्ये बिल गार्डनर आणि कीथ मार्टिन यांनी १९९४ साली केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत माइक बसवून ७१० दिशांनी आलेला आवाज कानात पोचताना कसा बदलतो याची मोजणी केली आणि ती सगळ्यांना खुली करून दिली. बऱ्याच जणांनी इथूनच सुरुवात केली. सराउंडचे पाच चॅनेल, म्हणजे पाच दिशांचे आवाज. प्रत्येकाचे दोन कानांसाठी दोन फिल्टर, म्हणजे त्या दिशेची कानाची नक्षी आवाजावर चढवणाऱ्या चाळण्या. एकूण दहा. गणित सरळ आहे. पण कान केमारचे आहेत, तुमचे नाहीत.

आणि बनवणाऱ्याचे कान तर चाचणीतून बादच करा. नेदरलँड्समध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी चार जणांच्या कानांत साचे बसवून कानांचा आकारच बदलला. सुरुवातीला त्यांना आवाज वरून येतोय की खालून, हे सांगता येईना. काही आठवड्यांत ते नव्या कानांना सरावले. हा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. जो माणूस महिनोन् महिने एकच फिल्टर ऐकतोय, तोही असाच सरावलेला असू शकतो. तो शपथेवर सांगेल की आवाज समोरून येतोय. खोटं बोलत नसेल तो, पण त्याच्या शपथेचा उपयोग शून्य.

म्हणून बाहेरची माणसं बसवा. प्रोसेसर चालू आणि बंद, दोन्हींची पातळी आधी जुळवून घ्या. जरा मोठं वाजलेलं नेहमीच सरस वाटतं. आत्ता काय चालू आहे ते ऐकणाऱ्याला सांगू नका, आणि शक्यतो बटण दाबणाऱ्यालाही कळू देऊ नका. आणि कृपा करून ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. आपल्याकडे लोक भिडस्त, ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतात. डोळे मिटायला सांगा आणि विचारा, बोलणारा कुठे आहे? बोट दाखवा. कुणी समोर दाखवतं, कुणी अंगठ्याने खांद्यामागे, आणि कुणी सरळ स्वतःच्या कपाळाला बोट लावतं. ते कपाळावरचं बोट वहीत लिहून ठेवा. आवाज डोक्यातच अडकलाय, बाहेर पडलेलाच नाही, याचा तो पुरावा.

ओठ आणि आवाज जुळतात का, पाचही चॅनेल एकदम दणाणले की आउटपुट फाटतं का, हे तर बघायचंच. ते मीटरवर दिसतं, त्यासाठी कान लागत नाहीत.

कपाळावरची बोटं वाढली की सगळे एकच उपाय करतात: रिव्हर्ब वाढवतात. खोलीचे परावर्तित आवाज मिसळले की आवाज डोक्याबाहेर पडतो, हे खरंच आहे. पण मग निवेदक जिन्यात उभा राहून बातम्या देतोय असं वाटायला लागतं. ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात. मला विचाराल तर आवाज नाकाच्या शेंड्यावर राहिला तरी चालेल, शब्द कळला पाहिजे. म्हणून ज्यातून निवेदक बोलतो त्या मधल्या चॅनेलचा रिव्हर्ब बाकीच्यांपेक्षा वेगळा, कमी ठेवता येईल अशी सोय पहिल्याच आवृत्तीत द्या.