आधी कारभाराची वाटणी, मग जमिनीची

मंडळी, आपल्या खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं. वर्षाचे पैसे किती, उचल किती, धान्य किती, हे त्या दिवशी मालक आणि सालदार समोरासमोर बसून बोलतात आणि शब्द पक्का होतो. त्या मालकाच्या घरातला पस्तिशीतला मुलगा त्याच शेतात सालदाराइतकाच राबतो. त्याला वर्षाचं काय मिळणार आणि कोणत्या कामात त्याचा शब्द चालणार, हे मात्र कुठल्याच आखाजीला ठरत नाही. मोटारसायकलीत पेट्रोल टाकायलाही तो वडिलांपुढे हात पसरतो. आज बोलायचंय ते या न ठरलेल्या गोष्टीबद्दल.

"डोकरा काही सोडस नही," असं मुलगा पारावर सांगतो. "पोऱ्या आयकस नही," असं बाप सोसायटीच्या ओट्यावर सांगतो. दोघांचंही खरं असतं. आपण मात्र त्याला स्वभावाचं भांडण समजतो आणि चार वडीलधाऱ्यांना बोलावून समजूत घालतो. समजूत आठवडाभर टिकते, कारण कोणी काय ठरवायचं हा मूळ प्रश्न तसाच राहिलेला असतो. जमिनीच्या वाटणीला तलाठी आहे, मोजणी आहे, हद्दीचे दगड आहेत. कारभाराच्या वाटणीला काहीच नाही. ती जमिनीच्या वाटणीच्या दहा-पंधरा वर्षं आधी सुरू झाली पाहिजे, आणि ठरवून झाली पाहिजे.

सुरुवात एका तुकड्यापासून करा. समजा बागायत सहा एकर आहे. त्यातलं दीड एकर मुलाकडे द्या. देताना एक गोष्ट आवर्जून बघा: त्या दीड एकराचा व्हॉल्व्ह वेगळा हवा. ठिबकची सब-मेन (पाणी वाटणारा फाट्याचा पाइप) सामाईक असेल, तर पाणी सोडणारा हात एकच राहतो, आणि पाणी ज्याच्या हातात, शेतही त्याचंच. वेगळा व्हॉल्व्ह, वेगळी वही, खताची वेगळी पावती. केळीचं रोप टिश्यू कल्चरचं आणायचं की कंद लावायचे, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) करायची की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड), माल कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, हे सगळं त्याने ठरवायचं. वडिलांनी सल्ला जरूर द्यावा. मुलाच्या परस्पर गड्याला सांगून काम फिरवणं मात्र नको.

मुदत तीन वर्षांची ठेवा. केळीचं एक पीक हाती यायला अकरा-बारा महिने जातात. एका वर्षात भाव पडला किंवा वादळात बाग आडवी झाली, तर त्यावरून माणसाची पारख होत नाही. इथेच बहुतेक घरं चुकतात. पहिल्या तोट्याला बाप तुकडा परत घेतो, आणि मग मुलगा पुन्हा म्हणून मागत नाही. जळगावला नाही तर सुरतेला नोकरी शोधतो. तोटा झाला तर तो कुठून भरायचा, हे लागवडीआधीच बोलून ठेवा. वडिलांनी आपल्या हातात काय ठेवायचं, तेही तेवढंच स्पष्ट असू द्या: जमीन विकणं, गहाण टाकणं, कोणाला जामीन राहणं आणि ठरलेल्या रकमेपेक्षा मोठं कर्ज. या चार गोष्टींत त्यांच्या होकाराशिवाय पाऊल उचलायचं नाही.

मुलाचा आणि सुनेचा मोबदलाही ठरवा. सुनेचं नाव मुद्दाम घेतो आहे. कापूस वेचणी, निंदणी, मजुरांचा चहा-डबा यात तिचे जेवढे दिवस जातात, त्याचा हिशोब कोणत्याच वहीत नसतो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात गेली पाहिजे.

आता पाण्याचं बघू, कारण आपल्याकडे निम्मी भांडणं पाण्यावरून होतात. ज्यांचं वय पाटपाण्यात गेलं, त्यांना जमीन ओली दिसल्याशिवाय समाधान होत नाही. मुलगा ठिबक तीन तास चालवून बंद करतो. वडील येतात, वरची माती कोरडी बघतात आणि पुन्हा व्हॉल्व्ह उघडतात. उन्हाळ्यात वाढलेल्या केळीला दिवसाला साधारण 20 ते 25 लिटर पाणी लागतं. झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर असतील, तर तीन तासांत 24 लिटर पडतं. त्यावर आणखी तीन तास दिले की भारी काळ्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, मुळ्या सडतात आणि खत खाली निघून जातं. हा हिशोब मुलाने तोंडाने सांगून उपयोग नाही, वडिलांच्या कानाला तो उद्धटपणा वाटतो. त्यापेक्षा फावडं घ्या. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर फूटभर खोल खणा, तळाची मूठभर माती काढून वडिलांच्या हातात द्या. त्यांनी ती दाबायची. लाडू वळला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर पाणी पुरेसं आहे. बोटांतून पाणी निथळलं तर जास्त झालंय. माती भुरभुर सुटली तर मुलाचं चुकलंय, त्याने वेळ वाढवावा. मातीचा लाडू त्यांनी आयुष्यभर ओळखला आहे, तेव्हा निकाल त्यांच्याच हातून लागतो आणि दोघांनाही मान्य होतो.

कारण सांगण्याची सवय दोन्हीकडून लागायला हवी. पूर्वी केळीच्या बांधावर काकडी, भोपळ्याचे वेल सर्रास असत, आजही कित्येक घरांत ते घरच्या भाजीसाठी लावतात. मुलगा म्हणतो, काढून टाका. का, तर मोबाईलवर आलंय. हे काही कारण झालं नाही. कारण असं आहे, की केळीवर जो हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), येतो, त्याचा विषाणू काकडीवर्गीय वेलांत राहतो आणि मावा ही बारीक कीड तो केळीवर आणते. लहान रोपांना तो लवकर धरतो, आणि रोगट झाड उपटून नष्ट करण्यापलीकडे त्याला औषध नाही. असं सांगितलं तर आजी स्वतः वेल उपटते. कापसाच्या फरदडीचंही तेच. डिसेंबरनंतर उभ्या राहिलेल्या कापसात गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं. चार वेचण्यांचा मोह पुढच्या वर्षी अंगाशी येतो.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. जुन्या लोकांनी बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीची दाट रांग ठेवली होती. नव्या मालकाला ती जागा वाया गेलेली दिसली, त्याने ती तोडून तिथे केळीची आणखी एक ओळ बसवली. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. ते गरम वारं आडोशाशिवाय आत शिरलं की पानं फाटतात, निसवलेले (झाडातून बाहेर पडलेले) घड पोळतात, कडेच्या चार-पाच ओळी हातच्या जातात. मग तीच माणसं हिरवी नेट विकत आणून लावतात. शेवरी का लावली होती, एवढं तोडण्याआधी विचारायला हवं होतं.

विचारायचं कसं, यालाही पद्धत आहे. "आबा, तुम्हाला माहीत आहे ते सगळं सांगा," असं म्हटलं की आबा गप्प बसतात. त्यांचं ज्ञान कामाला बांधलेलं आहे. काम समोर आलं की ते आठवतं. म्हणून ज्या दिवशी पील कापणी (केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढणं) आहे, त्या दिवशी सोबत चला आणि एकच विचारा: "हे काय बघून ठरवलं?" घड कापणीला आला हे ते फळाच्या शिरा किती गोल झाल्या त्यावरून सांगतील. तुम्ही निसवणीच्या तारखेपासूनचे दिवस मोजून त्यांच्या अंदाजाशेजारी लिहा. दोन हंगामांत तुमच्याच शेतासाठी आकडा मिळेल, मृगबागेचा वेगळा आणि कांदेबागेचा वेगळा, कारण थंडीत घड भरायला जास्त दिवस लागतात.

आणि एक काम तातडीचं आहे: शेताचा नकाशा. सरकारी नकाशावर बांध असतात, पण जमिनीखाली काय आहे ते फक्त वडिलांच्या डोक्यात असतं. मोठा कागद घ्या, बांधावरच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून, विहिरीच्या कठड्यापासून किंवा जुन्या निंबापासून, टेपने अंतरं मोजा. पाइपलाइन कुठून गेली, किती खोल, कुठे वळली, कोणत्या जोडावर दुरुस्ती झाली. बोअर कोणत्या वर्षी झाला, किती फुटांवर पाणी लागलं, केसिंग किती, मोटार किती फुटांवर सोडली. चोपण (पाणी न मुरणारी जमीन) कुठे, पावसात पाणी कुठे तुंबतं. यावल-रावेरच्या सातपुडा पायथ्याच्या पट्ट्यात बोअर शेकडो फूट खोल जातात. मोटार अडकली आणि किती पाइप सोडले होते हेच माहीत नसेल, तर काढणाऱ्याचे पैसे तासातासाने वाढत जातात. नकाशावर तारीख टाका, फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा.

स्वयंपाकघरातला वारसाही असाच निसटतो आहे. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारी तीन दिवस भिजवायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण आई मीठ, तीळ, लसूण "अंदाजाने" घालते. तिचा हात थांबवून "किती घातलंस?" विचारू नका, त्याने तिचा अंदाजच चुकतो. त्याऐवजी मिठाचा डबा आधी वजनकाट्यावर ठेवा, तिचं झालं की पुन्हा ठेवा. फरक लिहून घ्या. खापरावरच्या मांड्यांचं मात्र वजन करून भागत नाही. व्हिडिओत मनगटावर पसरणारा मांडा दिसतो, कणीक किती सैल आहे हे दिसत नाही. कणीक घट्ट राहिली की मांडा पसरत नाही, नीट मुरली नाही की हातावरच फाटतो. आईने तिंबलेल्या कणकेत आपली बोटं घालूनच ते कळतं.

आता कागदांकडे येतो. सातबारा वडिलांच्या नावावर, विविध कार्यकारी सोसायटीचं कर्ज त्यांच्या नावावर, फळपीक विमा त्यांच्या नावावर. पण ई-पीक पाहणी मुलाच्या मोबाईलवर आणि आधारशी जोडलेला नंबर पुण्याच्या मुलाचा. शेवटच्या तारखेला तो ऑफिसात मीटिंगमध्ये असतो, ओटीपी येतो आणि निघून जातो, विम्याचा अर्ज राहतो. आधारला तोच नंबर जोडा, जो गावात राहणाऱ्या माणसाच्या खिशात असतो. शेतीत झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. अशा वेळी डोळ्यांची किंवा चेहऱ्याची ओळख चालते, ती मागून घ्या, म्हाताऱ्या माणसाला चार खेपा घालायला लावू नका.

जमीन नावावर करून देण्याची घाई करू नका. नोंदवलेलं बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही; मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मिळकत मिळणार आहे तो साक्षीदार नको. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 अशा अटीवर उभं आहे. मुलाने सांभाळ केला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल, तर ती होती हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि काही झालं तरी थोडी जमीन आणि राहतं घर म्हातारा-म्हातारीच्या नावावर शेवटपर्यंत राहू द्या. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. हे काम आजच करण्यासारखं आहे.

लेकींबद्दल एक सांगायलाच हवं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो आणखी स्पष्ट केला. आखाजीला ती माहेरी येते, झोका खेळते, आंब्याचा रस खाते, आणि त्याच मुक्कामात तिच्यापुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं. हे करू नका. तिला सोडायचं असेल तर ती सोडेल, पण आधी कागद घरी न्यायला, वाचायला, चार दिवस विचार करायला द्या.

वाटणी झाली तर साध्या कागदावर "पूर्वेकडचं थोरल्याला, पश्चिमेकडचं धाकट्याला" एवढंच लिहून थांबू नका. विहीर वाटता येत नाही. कोणाचे किती आणे, पाळी किती दिवसांची, वीजजोडणी कोणाच्या नावावर, बिल कसं भरायचं, मागच्या शेताला बैलगाडी आणि ट्रॅक्टर कुठून जाणार, पाइप कोणाच्या शेतातून नेणार, हे सगळं लिहा आणि विहिरीचा हिस्सा सातबाऱ्यावर इतर हक्कांत लावून घ्या. ज्या वाटण्या कोर्टात जातात, त्यातल्या कितीतरी रस्त्यावरून आणि पाण्यावरून जातात.

मागच्या रांगेतून प्रश्न आला आहे, की वडील तुकडासुद्धा द्यायला तयार नसतील तर काय करायचं. तुकडा मागू नका. आधी हिशोबाची वही मागा. एक वर्ष घरचा खर्च, खत, मजुरी, विक्री सगळं तुम्ही लिहा आणि दर रविवारी जेवण झाल्यावर त्यांना वाचून दाखवा. ऐकतील तेवढंच वाचा, पण रविवार चुकवू नका. वर्षभराचे आकडे समोर असले, की येत्या आखाजीला सालदाराचं साल ठरवताना तुम्ही तिथे बसलेले असाल, आणि किती द्यायचे हे ते तुम्हाला विचारतील.