मुखवटा गावात काय काम करतो

आफ्रिकन मुखवटा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो म्युझियममधला, काचेच्या पेटीत ठेवलेला, वरून लाइट सोडलेला आणि खाली छोटी पाटी. १९०७ मध्ये पिकासोने पॅरिसच्या त्रोकादेरो म्युझियममध्ये असे मुखवटे पाहिले आणि मग आधुनिक चित्रकलेचं पुढे काय झालं, हे तुम्ही ऐकलं असेलच, म्हणून आज ते बाजूला ठेवू. कारण त्या पेटीत जे असतं तो फक्त लाकडी तुकडा असतो; त्याचा गवताचा झगा, पायातले वाळे, ढोल, सोबत चालणारी माणसं, त्याचं स्वतःचं नाव आणि मुख्य म्हणजे गावाने त्याला दिलेलं काम हे सगळं मागेच राहिलेलं असतं. मला बोलायचंय ते त्या कामाबद्दल.

आयव्हरी कोस्टचा पश्चिम भाग आणि त्याला लागून लायबेरिया, तिथे दान नावाचे लोक राहतात. त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखात कोरड्या दिवसांत दुपारी जोरात वारा सुटतो, आणि घरांची छपरं गवताची, म्हणजे एक चूल धगधगत राहिली तरी गाव पेटू शकतं. म्हणून तिथे आगीवर लक्ष ठेवणारा मुखवटाच असतो. मोठे गोल डोळे, डोळ्यांभोवती लाल कापड. वारा सुटायच्या आधी तो गावभर धावत फिरतो, कुठे चूल विझवलेली दिसली नाही की तिथल्या बाईवर ओरडतो, भांडी लाथाडतो, दंड घेतो.

आता हेच काम गावातल्या एखाद्या माणसाला दिलं असतं तर काय झालं असतं बघा. सगळे एकमेकांच्या नात्यातले, कुणाची आत्या, कुणाची सासू, आत्याच्या चुलीवरचं भांडं उलथवायची हिंमत कोण करणार, आणि केली तर ते भांडण किती वर्षं चालणार! मुखवट्याशी वैर धरता येत नाही, कारण तो कुणाचा भाचा नाही, तो रानातून आलेला आत्मा आहे. आत कोण आहे हे कुणाला माहीत असलं तरी ते बोलायचं नसतं. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, जे शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या तोंडावर बोलता येत नाही ते मुखवटा बोलतो.

दान लोकांमध्ये मुखवट्याला बढतीसुद्धा मिळते. आधी नाचून करमणूक करणारा मुखवटा वर्षानुवर्षं मान मिळवत जातो आणि पुढे भांडणतंटे सोडवणारा न्यायाधीश होऊ शकतो. लाकूड तेच, हुद्दा वाढला.

नायजेरिया आणि बेनिनमधल्या योरुबा लोकांचा गेलेडे घ्या. हा उत्सव आयांसाठी, विशेषतः वयस्कर बायकांसाठी असतो, ज्यांच्या अंगी मोठी शक्ती असते असं मानतात, ती शक्ती मूल देऊ शकते आणि बिघडली तर गावाचं वाटोळंही करू शकते. तिला प्रसन्न ठेवायला पुरुष बाईचं रूप घेऊन नाचतात. मुखवटा चेहऱ्यावर नाही तर डोक्यावर बसवतात, तोंडावरून पातळ कापड सोडतात आणि पायातले लोखंडी वाळे ढोलाच्या ठेक्यावर वाजतात. मुखवट्याच्या वर कोरलेला देखावा तर बघत राहावा असा, साप, पक्षी, शिलाई मशीन, कधी मोटरसायकलसुद्धा! आदल्या रात्री बाजाराच्या जागेत एफे नावाचा गाण्याचा कार्यक्रम होतो, त्याचा गायक उभा राहतो आणि गावात कोण चुकतंय, कोण माजलंय हे गाण्यातून सगळ्यांसमोर सांगतो, आणि त्या रात्री त्याच्यावर कुणी हात उचलत नाही.

पण आफ्रिकेत मुखवटे घालतात बहुतेक ठिकाणी पुरुषच. म्हणून सिएरा लिओनमधल्या मेंडे बायकांचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांची सांडे नावाची बायकांची संस्था आहे, तिचा मुखवटा कोरतात पुरुष पण घालून नाचते बाई. सगळं डोकं झाकणारा, काळाभोर, घासून चकचकीत केलेला. उंच कपाळ, बारीक वेण्यांची सुंदर केशरचना, डोळे खाली झुकलेले, तोंड अगदी लहान आणि मिटलेलं, मानेवर वळ्या. त्या वळ्यांत कुणी धडधाकट तब्येत बघतं, कुणी पाण्यातून वर येणाऱ्या आत्म्याभोवतीचे तरंग. खाली काळं रॅफिया, म्हणजे ताडासारख्या झाडाचे तंतू, अंगाचा कणभरही भाग दिसत नाही. वयात आलेल्या मुलींना बायका घेऊन जातात, शिकवतात, आणि त्या परत गावात येतात तेव्हा हा मुखवटा त्यांच्यासोबत असतो. मुलींनी कसं असावं हे त्या चेहऱ्यावरच कोरलेलं आहे.

आणि हेही बोललंच पाहिजे की या दीक्षेत अनेक ठिकाणी मुलींचं जननांग कापतात. त्याने आयुष्यभराचं दुखणं मागे लागतं, मुली दगावतातही, परंपरा सुंदर आहे म्हणून यावर गप्प बसणं मला मान्य नाही. तिथल्याच काही बायका आता म्हणतात की शिकवण, नाच, मुखवटा सगळं राहू दे, फक्त सुरी नको, आणि तशा रक्ताविना दीक्षाही होतायत.

शेवटचं, मलावी, झांबिया आणि मोझांबिकमधल्या चेवा लोकांचा गुले वामकुलू हा मुखवट्यांचा नाच. चेवा समाज मातृवंशीय, लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला जातो आणि तिथे त्याचं फारसं चालत नाही. न्याऊ या पुरुषांच्या गुप्त संस्थेने गावोगावच्या अशा पुरुषांना एकत्र धरलं. अंत्यविधी, लग्न, नवा मुखिया बसवणं, प्रत्येक वेळी मुखवटे येतात. रानटी जनावरं, मेलेल्यांचे आत्मे, गुलामांचे व्यापारी आणि पुढे गोरे साहेबसुद्धा, म्हणजे ज्याने ज्याने त्रास दिला तो नाचात सापडला. ब्रिटिश काळात मिशनऱ्यांनी हे बंद पाडायचा जोरदार प्रयत्न केला, तरी टिकलं. पुढे १९७६ मध्ये मलावीतल्या मुआ इथे एका कॅथलिक धर्मगुरूनेच कलाकेंद्र काढलं, आणि आज तिथल्या म्युझियममध्ये याच नाचाचे मुखवटे भिंतभर लावलेत. गावांत नाच अजून चालू आहे, पण हल्ली तो टुरिस्टांपुढे आणि राजकीय सभांमध्येही करवून घेतात, आणि तिथे मात्र त्याला कुणाला रागवायचं नसतं, कुणा मेलेल्याला निरोप द्यायचा नसतो.