आधी तिथी, मग किनारा

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर लागला की आमच्या घरी पुण्यातल्या भाचरांचे फोन सुरू होतात. "मावशी, मुलांना घेऊन एक दिवस समुद्रावर जायचंय. कुठला बीच चांगला?" माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं, समुद्राची गाज ऐकत झोपणाऱ्या घरातलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी उलट विचारते, "कोणत्या तिथीला जाताय?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "तिथी नाही गं, रविवारी."

आज मला बोलायचंय ते या तिथीबद्दल. पाच-सहा वर्षांपर्यंतची मुलं बरोबर असतील तर किनारा कुठला, हा प्रश्न दुसरा. तिथं पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हा पहिला. एकच किनारा सकाळी नऊला अंगणासारखा असतो आणि दुपारी दोनला त्याच जागी मोठ्या माणसाच्या छातीएवढं पाणी असतं.

आमच्या आजोबांच्या घड्याळात भरती-ओहोटी नव्हती, पाऊणकीत होती. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, पाठ करून घेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी साधारण तीनला पूर्ण भरती आणि रात्री पुन्हा तीनच्या सुमारास. त्याच्या सहा तास अलीकडे, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला, ऐन उन्हात. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे समुद्र दुपारी तुडुंब. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. मुंबई-रायगडात तो अर्ध्यापाऊण तासाच्या फरकानं जुळतो. सिंधुदुर्गाकडे भरती याहून थोडी आधी येते. आता मोबाईलवर मिनिटासकट वेळा मिळतात, त्या जरूर बघा. पण पाऊणकी येत असली की घरात बसल्या बसल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघूनच दिवस ठरवता येतो.

मग दिवस कुठला ठरवायचा? माझं उत्तर पक्कं आहे. तृतीया, चतुर्थी किंवा पंचमी. या तिन्ही दिवशी ओहोटी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. ऊन कोवळं असतं आणि मुलं ताजीतवानी असतात. शिवाय पाणी सगळं सहा तास सारख्याच वेगानं चढत नाही. ओहोटी संपल्यावर पहिले दोन तास ते हळूहळू सरकतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्यानं चढतं. म्हणजे नऊला ओहोटी असेल तर अकरापर्यंत तुमच्या हातात निवांत वेळ आहे, आणि त्यानंतर तसंही ऊन लहानग्यांना सोसत नाही. संकष्टी तर कॅलेंडरवर ठळक छापलेलीच असते. एक मात्र लक्षात ठेवा, संकष्टीला गणपतीच्या गावांत गर्दी असते. त्या दिवशी देवळाजवळचा किनारा सोडून दुसरा धरा.

ज्यांना संध्याकाळीच जायचंय त्यांनी त्रयोदशी-चतुर्दशी बघावी. चतुर्दशीला चौदा पाऊणे साडेदहा, म्हणजे ओहोटी साडेचारला. पण ते दिवस उधाणाच्या जवळचे. पाणी खूप मागे जातं आणि तेवढंच जोरात परत येतं. मुंबईत उधाणाची मोठी भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. मालवणकडे चढ-उताराचा हा फरक जवळपास निम्माच असतो. म्हणून उत्तर कोकणात घड्याळाकडे जास्त लक्ष ठेवायचं.

आता किनाऱ्याकडे वळू. किनाऱ्यावर पोचलात की आधी मूठभर वाळू हातात घ्या. वाळू जाड, रवाळ असेल तर तो किनारा बहुधा उताराचा असतो. बारीक आणि पावलाखाली घट्ट बसणारी असेल तर सपाट. उताराच्या किनाऱ्यावर लाट लांबून मोडत येत नाही, थेट काठावर दणकन फुटते आणि तितक्याच जोरानं मागे ओढते. फोटोत पांढरी जाड वाळू सुंदर दिसते. मुलांसाठी मात्र काळपट, बारीक, जरा चिखलटच वाटणारी वाळू कितीतरी बरी.

हे मला एका प्रसंगानं शिकवलं. माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा होता. आम्ही मुद्दाम एका देखण्या, उताराच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता, मी त्याच्यापासून दोन हातांवर. लाट आली, परत फिरली, आणि जाताना त्याच्या टाचांखालची वाळूच घेऊन गेली. पोर बसकण मारून खाली बसलं आणि घसरगुंडीवरून जावं तसं पाण्याकडे निघालं. दुसरी लाट यायच्या आत जाळं वाळत घालणाऱ्या एका काकांनी त्याला दंडाला धरून उचललं. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, "बाय, पोराच्या पुढं उभं राहायचं, मागं नाय." तेव्हापासून मी नेहमी मूल आणि समुद्र यांच्या मधे उभी राहते, तोंड पाण्याकडे करून. मोबाईल पिशवीत. चार मोठी माणसं असतील तर पाळी लावायची, कारण सगळे बघतायत असं वाटतं तेव्हा कुणीच बघत नसतं.

काशीद, गणपतीपुळे, आरे-वारे. या किनाऱ्यांचं रूप मला मनापासून आवडतं. पण तिथं अनेक माणसं बुडाली आहेत, आणि लहान मुलांना पाण्यात खेळवायला मी कुणाला तिकडे पाठवत नाही. बघायला जा, वाळूवर बसा, सूर्यास्त बघा. हरिहरेश्वरचा खडकांतला प्रदक्षिणेचा मार्गही ओहोटीलाच करायचा आणि पाणी वळायच्या आत बाहेर पडायचं. कडेवर मूल घेऊन तिथं घाई करावी लागू नये.

सपाट किनाऱ्यावर सगळं आलबेल असतं असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडातल्या मुरुडला पुण्याहून आलेल्या कॉलेजच्या सहलीतले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ती धडधाकट, तरुण मुलं होती. सपाट किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे आणि त्यांच्यामधे चर असतात. ओहोटीला चालत चालत उंचवट्यावर जावं, आणि भरती लागली की पाणी आधी मागचा चर भरतं. पुढे बघणाऱ्याला ते कळतही नाही. आणि जिथं पाण्याची ओढ असते तिथली खूण तर नवख्याला नेमकी उलटी वाटते. लाटांची पांढरी रांग मधेच तुटलेली दिसते. तेवढ्या पट्ट्यात पाणी शांत, जरा गडद किंवा गढूळ. आईबापांना वाटतं, इथं लाटा नाहीत, इथंच लेकराला खेळवू. तिथं लाटा फुटत नाहीत कारण पाणी खोल आहे आणि काठावर आलेलं सगळं पाणी त्याच वाटेनं परत जातंय. म्हणून पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मुलं हात ओढतील, ओढू देत. खाडीचं मुख जवळ असेल तर तिथून लांब जा. आणि किनाऱ्यावर जो कुणी कोळी दादा किंवा जीवरक्षक दिसेल त्याला विचारा, "इथं ओढ कुठं आहे?" हा प्रश्न विचारल्यावर कुणी कंटाळून उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

वाऱ्याचं एक सांगते. शाळेत आपण खारे वारे, मतलई वारे शिकलो. मतलई वारा सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे सकाळी किनारा गुळगुळीत दिसतो, पण त्याच वाऱ्यावर बॉल आणि हवा भरलेली ट्यूब समुद्राकडे पळतात, आणि मूल त्यांच्या मागे. ट्यूब घरी ठेवा. बादली आणि फावडं पुरेसं आहे.

जागांची नावं सांगायची तर मुंबई-पुण्याहून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर मला आक्षी आवडते. मराठीतला सर्वांत जुना म्हणून ज्याचं नाव घेतात तो शिलालेख याच आक्षीचा. किनारा सपाट आहे, मागे सुरूचं बन आहे, आणि थंडीत पाणपक्षी उतरतात. शेजारच्या नागावला आणि अलिबागला सोयी जास्त, पण सुट्टीच्या दिवशी वाळूवरून मोटारगाड्या आणि घोडागाड्या धावत असतात. श्रोतेहो, याबद्दल मला फार कळकळीनं बोलावंसं वाटतं. वाकून शिंपला उचलणारं मूल ड्रायव्हरला दिसत नाही. कृपा करून आपली गाडी वाळूवर नेऊ नका, आणि जिथं गाड्या फिरत असतील तिथं मुलांना सोडू नका.

एक मुक्काम करता येत असेल तर दिवेआगर, किंवा दापोलीजवळचं मुरुड आणि कर्दे. सपाट वाळू, आणि राहायला वाडीतली घरं, त्यामुळे आंघोळीला विहिरीचं गोडं पाणी आणि जेवायला गरम वरणभात मिळतो. बाळाला दुपारी झोपवायला सावलीची खोली असणं ही मोठीच गोष्ट आहे. दक्षिणेला मालवणचा चिवला. पुढ्यात खडक असल्यानं तिथं लाट मऊ होऊन येते. गुहागर लांबलचक आणि शांत आहे, पण तिथं भरतीच्या वेळी मुलांना पाण्यापासून वरच ठेवावं. फेब्रुवारी-मार्चात जाणार असाल तर वेळासचा विचार करा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ मध्ये तिथं कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे सगळं गावच त्यात उतरलं. ऑलिव्ह रिडलेची तळहाताएवढीसुद्धा नसलेली पिल्लं समुद्राकडे धावताना बघणारं मूल पाण्यात जाण्याचा हट्टच विसरतं.

जून ते नारळी पौर्णिमा मात्र कुठल्याच किनाऱ्यावर मुलांना पाण्यात उतरवू नका. त्या दिवसांत कोळ्यांच्या होड्यासुद्धा काठावर शाकारलेल्या असतात. कपडे लाल किंवा केशरी घाला. निळा फ्रॉक पाण्यात दिसेनासा होतो. जेलीफिश चिकटला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

आणि पाण्यात उतरण्यासाठी फार जीव टाकू नका. ओहोटीच्या ओल्या वाळूवर इवले खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडतात. आपण हललो की सगळे गायब, आपण दगडासारखे बसलो की एकेक डोकं बाहेर. माझ्या नातीनं एकदा पाऊण तास श्वास रोखून हा खेळ पाहिला. खळग्यात साचलेलं घोट्याएवढं कोमट पाणी तिला समुद्राएवढंच होतं. शंख उचलला तर उलटा करून बघायची सवय लावा. आत पाय हलत असतील तर ते कुणाचं तरी घर आहे, जागेवर ठेवायचं.

मुलांना किनाऱ्यावरून उठवणं हे सगळ्यांत अवघड, हो ना? आम्ही वाळूचा किल्ला ओहोटीच्या रेषेपासून थोडासाच वर बांधतो. साडेदहाच्या सुमारास पहिली लाट खंदकात येते. मुलं ओरडतात, तटबंदी वाढवतात, बादल्या पळवतात. मग एक बुरूज ढासळतो. आम्ही चार पावलं मागे सरून सगळे ओळीनं उभे राहतो आणि किल्ला जाताना बघतो. शेवटचा ढीग सपाट झाला की नात हात हलवून म्हणते, "अच्छा समुद्रबाप्पा," आणि आपणहून चपला शोधायला लागते.

नमस्कार.