आकड्याआधी हद्द

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'उपनगरी शहराची लोकसंख्या आणि अर्थकारण'. दोन्हींवर बोलणार आहे. पण त्याआधी एक वजाबाकी करू या. कागद-पेन असेल तर घ्या.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ११,९३,५१२. २०११च्या जनगणनेत १२,४७,३२७. फरक ५३,८१५, म्हणजे दहा वर्षांत साडेचार टक्के. आता शेजारी बघा. अंबरनाथ २,०३,८०४ वरून २,५३,४७५, म्हणजे चोवीस टक्के वाढ. कुळगाव-बदलापूर ९७,९४८ वरून १,७४,२२६, म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के. ठाणे महापालिका १२,६२,५५१ वरून १८,४१,४८८, सेहेचाळीस टक्के. पुढचं वाढलं, मागचं वाढलं, आणि मधलं कल्याण-डोंबिवली तेवढं जागच्या जागी? सकाळच्या फास्टसाठी डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून बघा. तो आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल!

आकडे दोन्ही खरे आहेत. जनगणनेने चूक केलेली नाही. चूक वजाबाकी करणाऱ्याची आहे, कारण ही वजाबाकी दोन वेगळ्या शहरांची आहे. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा भोवतालची २७ गावं तिच्यात घेतली. मानपाडा, सागाव, भोपर, गोळवली, निळजे ही त्यातलीच. २००१ची मोजणी झाली तेव्हा ही गावं आत होती. २००२ साली ती बाहेर काढली. २०११ची मोजणी झाली तेव्हा ती बाहेर होती. म्हणजे २००१च्या आकड्यात ती आहेत, २०११च्या आकड्यात नाहीत, आणि आपण एकातून दुसरा वजा करून 'वाढ मंदावली' म्हणतो. ही साडेचार टक्क्यांची वाढ अहवालांत छापून येते, प्रबंधांत येते, पाण्याच्या योजनांच्या प्रस्तावनेत येते. मला याचा मनापासून राग आहे, आणि तो आज तुमच्यासमोर मांडणार आहे.

पुढची गंमत ऐका. २०१५ मध्ये हीच गावं पुन्हा आत घेतली. २०२० मध्ये त्यातली १८ वेगळी करण्याची अधिसूचना निघाली आणि उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गाव जागेवरच आहे, चाळी जागेवर आहेत, माणसं रोज त्याच रस्त्याने स्टेशनला जातायत. हद्द मात्र त्यांच्या अंगावरून ये-जा करतेय.

मग दुरुस्ती कशी करायची? दोन्ही वर्षं एकाच हद्दीवर आणायची. इथे एक वाट सोपी आणि एक अवघड आहे. अवघड वाट म्हणजे २००१च्या आकड्यातून गावं वेगळी काढणं. तेव्हा ती महापालिकेच्या प्रभागांत विरघळलेली होती, त्यामुळे प्रभागनिहाय आकडे घेऊन कुठला प्रभाग कुठल्या गावावर बसतो ते जुळवत बसावं लागतं. सोपी वाट उलटी आहे. २०११ला गावं बाहेर होती, म्हणून त्यांची नोंद स्वतंत्र आहे. ठाणे जिल्ह्याची जनगणना पुस्तिका उघडा, एकेक गाव शोधा, आकडे १२,४७,३२७ मध्ये मिळवा. जी बेरीज येईल ती २००१च्या हद्दीवरची २०११ची लोकसंख्या. ती आजच्या हद्दीशीही जुळते, म्हणजे एका कष्टात दोन कामं.

यात अडखळायला होतं ते दोन ठिकाणी. एक, गावाच्या यादीत गाव सापडत नाही. ते हरवलेलं नसतं, शहरांच्या यादीत गेलेलं असू शकतं. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या तीन अटी पुऱ्या झाल्या की ग्रामपंचायत असूनही जनगणना त्या गावाला शहर म्हणते. देशात अशी शहरं २००१ला १,३६२ होती, २०११ला ३,८९४ झाली. महानगराच्या कडेचं गाव या यादीत जाणारच. दोन, नावं. या पट्ट्यात नांदिवली दोन आहेत, एक तर्फ पंचानंद, एक तर्फ अंबरनाथ. तर्फ म्हणजे गावांचा जुना महसुली गट. नावावरून शोधलंत की फसलात. प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक असतो, त्यावरूनच शोधा.

आणि प्रत्येक लहान आकडा हद्दीमुळेच लहान असतो असं समजू नका. उल्हासनगर ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ झालं, पावणेसात टक्के. फाळणीनंतर लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. तेरा-एक चौरस किलोमीटरमध्ये पाच लाख माणसं. तिथे वाढ खुंटली ती जागा संपल्यामुळे. खुद्द मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आला, म्हणजे कमीच झाला. ती माणसं कुठे गेली हे या सभागृहात सांगायची गरज नाही. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी गिरगाव-लालबागच्या खोलीची आठवण निघत असेल.

आता हद्द म्हणजे प्रत्यक्षात काय ते जरा जवळून बघू. प्रगणकाला, म्हणजे घरोघर जाऊन मोजणी करणाऱ्याला, एक गट मिळतो, साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा. तो आधी नजरी नकाशा काढतो. वर उत्तर, रस्ता, नाला, देऊळ, विहीर, आणि कुठून कुठे चालत गेला त्याचे बाण. इमारतीला क्रमांक देतो, समजा १२. तिच्यातल्या खोल्यांना १२(१), १२(२), १२(३). हा क्रमांक दारावर लिहितो. आता नाला हीच दोन गटांमधली हद्द असेल आणि नाल्यावर स्लॅब टाकून वर सहा खोल्या उठल्या असतील, तर त्या कुणाच्या? या काठाचा प्रगणक म्हणतो त्या काठाच्या, त्या काठाचा म्हणतो या काठाच्या. पर्यवेक्षकाने दोन्ही नजरी नकाशे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तरच त्या सहा खोल्या मोजल्या जातात. नवं बांधकाम सगळ्यात जास्त हद्दीच्याच पट्ट्यात होतं, म्हणून उपनगरी शहराची मोजणी कडेलाच गळते.

हद्दीनंतर छेद. साक्षरतेचं प्रमाण काढताना सात वर्षांखालची मुलं छेदातून वजा करायची असतात. लाखाच्या गावात शून्य ते सहा वयाची १२,००० मुलं आणि ८०,००० साक्षर असतील, तर प्रमाण ८०,००० भागिले ८८,०००, म्हणजे ९०.९ टक्के. संपूर्ण लाखाने भागलंत तर ८०. अकरा टक्क्यांचा फरक, आणि नवी वसाहत असेल तर लहान मुलं जास्त, म्हणजे फटकाही जास्त. बदलापूरसारखं तरुण जोडप्यांचं शहर या चुकीमुळे विनाकारण मागास दिसतं.

(चिठ्ठी आली आहे, वीस मिनिटं उरली आहेत. पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.)

आजची लोकसंख्या किती? २०२१ची जनगणना पुढे गेली, त्यामुळे पाणी, प्रभाग, अनुदान सगळं २०११वर चाललंय. मग लोक मतदारयादी धरतात, शिधापत्रिका धरतात. मतदारयादीत गावाकडचं आणि इथलं अशी दोन्हीकडे नावं असतात, गेलेल्यांचीही राहतात. शिधापत्रिका जुन्या पत्त्यावरच असते. पाण्याची जोडणी सोसायटीला एक, आत वीस बिऱ्हाडं का दोनशे ते कळत नाही. त्यातल्या त्यात घरगुती वीजमीटर बरा, कारण बिऱ्हाडागणिक एक असतो आणि बंद घर वापरावरून ओळखता येतं. महावितरणच्या बिलात दोन-तीन महिने नाममात्र युनिट असतील तर ते घर बाजूला काढायचं.

उदाहरणासाठी गोल आकडे घेतो. मीटर ३,००,०००. बंद घरं १५ टक्के, बिऱ्हाडात सरासरी ३.८ माणसं. उत्तर ९,६९,०००. आता बंद घरं १० टक्के आणि बिऱ्हाड ४ माणसांचं धरा. उत्तर १०,८०,०००. तुम्ही दोन अंदाज एवढेसे हलवले आणि १,११,००० माणसं वाढली. माणशी दिवसाला १३५ लिटर या मापाने ते दीड कोटी लिटर पाणी झालं, रोजचं. म्हणून बंद घरांचा आकडा टेबलावर बसून ठरवू नका. चार प्रकारच्या वस्त्या निवडा, स्टेशनजवळची जुनी चाळ, पंचवीस-तीस वर्षांची सोसायटी, नवं संकुल आणि कडेचं गावठाण. प्रत्येकीत पन्नास-पन्नास दारं मोजा. नव्या संकुलात बंद दारं जास्त निघतात, कारण घर घेतलेलं असतं गुंतवणूक म्हणून. चाळीत एका मीटरवर दोन बिऱ्हाडं निघतात. चारही वस्त्यांना एकच सरासरी लावली की दोन्ही चुका एकदम होतात.

आता अर्थकारण. घाईत सांगतो, पण यातलं एकही वाक्य सोडू नका.

जनगणना माणूस मोजते तो राहतो तिथे. डोंबिवलीत राहून फोर्टमध्ये नोकरी करणारा डोंबिवलीचा कामगार. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांतिक. मग चार कप्पे: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. उपनगरी शहरात जवळपास सगळे 'इतर' मध्ये पडतात, बँकेतली अधिकारीही आणि हातगाडी ओढणाराही. त्या कप्प्यावरून शहर श्रीमंत का गरीब काही कळत नाही.

नोकऱ्या कुठे आहेत ते आर्थिक गणना सांगते, कारण ती आस्थापना मोजते, म्हणजे दुकानं, कारखाने, कार्यालयं. सहावी २०१३-१४ मध्ये झाली. या दोन्हींची सांगड घाला: शहरातल्या नोकऱ्या भागिले शहरात राहणारे कामगार. समजा कामगार साडेचार लाख, नोकऱ्या १,८०,०००, तर गुणोत्तर ०.४. म्हणजे माणसं सकाळी बाहेर जातात आणि रात्री येतात. पण सहाव्या गणनेत सरकारी प्रशासन आणि संरक्षण धरलेलं नाही, त्यामुळे तहसील, पोलीस, महापालिकेतल्या नोकऱ्या वरून मिळवाव्या लागतात. आणि गुणोत्तर १ आलं म्हणून कुणी प्रवास करत नाही असं नाही. निम्मे बाहेर जात असतील आणि तेवढेच आत येत असतील, तरी १ येतंच.

तो प्रवास बघायचा तर २०११च्या जनगणनेचा बी-२८ तक्ता. 'इतर' कामगार किती किलोमीटर जातात आणि कशाने जातात. २१ ते ३०, ३१ ते ५०, ५१च्या वर असे टप्पे आहेत. कल्याण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५४ किलोमीटर, म्हणजे एकाच शहरातले लोक ऑफिस भायखळ्याला का नरिमन पॉइंटला यावरून वेगळ्या टप्प्यांत पडतात. साधनही एकच लिहिलं जातं, रिक्षा-लोकल-बस ही साखळी त्यात मावत नाही. आणि तक्ता जिल्ह्याचा आहे. कुठल्या जिल्ह्याचा? २०११च्या ठाण्याचा, ज्यात पालघर होता. १ ऑगस्ट २०१४ला तो वेगळा झाला. बघा, पुन्हा हद्दच आली!

दरडोई उत्पन्नाचंही तेच. ते जिल्ह्याचं निघतं, शहराचं निघत नाही, आणि उत्पन्न जिथे निर्माण झालं तिथे मोजलं जातं. ठाणे जिल्ह्यातल्या कळव्याचा माणूस मुंबईत कमावतो ते मुंबईच्या अंशात जातं, पण मुंबईच्या छेदात तो नसतो. त्याचा पगार खर्च होतो इथल्या किराण्यावर, शिकवणीवर, घराच्या हप्त्यावर. महापालिकेच्या हातात त्यातून थेट येतो तो मुख्यतः मालमत्ता कर. तो लागतो करपात्र मूल्यावर, म्हणजे वाजवी वार्षिक भाड्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा. दर घरापेक्षा दुकान-कारखान्याला जास्त. म्हणून ज्या शहरात घरंच घरं आहेत तिथे माणशी कर कमी आणि पाणी, कचरा, शाळा यांचा बोजा पुरा. शहराचं अंदाजपत्रक वाचायला बसाल तेव्हा निवासी आणि बिगरनिवासी कराची मागणी वेगवेगळी विचारा, आणि मागणी किती, वसुली किती हेही वेगवेगळं विचारा. एकत्र आकडा घेऊन उठू नका.

दोन मिनिटं, फक्त दोन. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ला निघाली. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मोजणीसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ला गोठवायच्या असं ठरलं. तेव्हा तुमच्या शहराची, बाजूच्या ग्रामपंचायतींची त्या तारखेला जी हद्द होती तिचा नकाशा आणि गावांची संकेतांकासह यादी महापालिकेच्या नगररचना विभागातून आत्ताच घेऊन ठेवा, वाचनालयात एक प्रत लावा. २०२७चे आकडे येतील त्या दिवशी कुणीतरी १२,४७,३२७ पुढे घेऊन वजाबाकी करायला बसणार आहे. त्याच्या आधी २७ गावांची बेरीज तुमच्याकडे तयार हवी. ज्यांना ती बसवायची आहे त्यांनी पुढे या, जिल्हा पुस्तिकेची पानं इथे टेबलावर आहेत, सुरुवात भोपरपासून करू.