चिखलदरा: वर्धेच्या पुलापासून गाविलगडापर्यंत

(पहाटेचा अंधार, अमरावती रोड, गाडीचे लाइट)

नमस्कार मंडळी. पहाटे साडेचारला नागपूर सोडलं, बाजारगाव गेलं, कोंढाळीला चहा झाला, आणि आता तळेगावच्या पुढं आलो न आलो तोच खाली नदी दिसून राहिली. ही वर्धा. आपण नागपूरकर आजवर किती वेळा हा पूल पार केला असेल, पण गाडीतला एकही माणूस मान वळवून नदीकडं बघत नाही. आज बघा. हा पूल नीट लक्षात ठेवा, याचं काम पुढं चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर पडणार आहे.

नागपूर ते चिखलदरा साधारण सव्वादोनशे किलोमीटर. अमरावती, मग परतवाडा, आणि परतवाड्यानंतर दोन रस्ते, एक घटांगवरून जाणारा आणि दुसरा धामणगाव गढीवरून. आम्ही गढीचा घेतला, कारण या रस्त्यानं डोंगर एकदम समोर येतो. इतका वेळ वऱ्हाडचं सपाट रान, कापूस, तूर, संत्र्याचे बगीचे, आणि मग अचानक सातपुड्याची भिंतच उभी. गाडी सेकंड गिअरला येते, कान बंद होतात, काच खाली केली की गार हवा आत शिरते आणि मागच्या सीटवरची झोपलेली पोरं आपोआप उठून बसतात.

(ढग रस्त्यावर उतरलेले, वायपर चालू)

वर पोचलात की तुम्ही समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 मीटरवर असता. ही गिरिस्थान नगरपरिषद आहे, आणि 2011 च्या जनगणनेत गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्या नागपुरातल्या एखाद्या मोठ्या लेआउटएवढी. पण श्रावणातल्या रविवारी इथल्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते ती बघितली की प्रश्न पडतो, एवढ्याशा गावानं एवढ्या लोकांचं पाणी, कचरा, पार्किंग सांभाळायचं तरी कसं.

आणि पाण्याचं तर ऐकाच. पाऊस इथं खालच्या वऱ्हाडापेक्षा कितीतरी जास्त पडतो, तरी उन्हाळ्यात टंचाई. कारण खाली सगळा काळा बसाल्ट आहे, लाव्हाचे थर, आणि वर उतार. पाणी थांबतच नाही. उत्तरेला पडलं ते सिपना नदीतून तापीला गेलं, दक्षिणेला पडलं ते चंद्रभागा, शहानूर करत पूर्णेला आणि पूर्णाही शेवटी तापीलाच मिळते. त्यामुळे हॉटेलात बादली अर्धीच भरलेली मिळाली तर आवाज चढवू नका, खालच्या वस्तीतली बाई त्याच पाण्यासाठी हंडा घेऊन उभी असते.

नावाची गोष्ट इथं कुणालाही विचारा, एकच उत्तर. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी होते, कीचकानं द्रौपदीवर वाईट नजर टाकली, भीमानं त्याला मारून दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, आणि त्याचा झाला चिखलदरा. भीमानं हात धुतले ते भीमकुंड. जवळच वैराट आहे, ते विराटाचं म्हणतात. पावसाळ्यात भीमकुंडाचा धबधबा समोरच्या कड्यावरून कोसळतो, पण ढग आला की नुसता आवाज ऐकू येतो, पाणी दिसतच नाही, आणि मग पाच मिनिटांनी पडदा सरकावा तसं सगळं मोकळं होतं. त्या पाच मिनिटांसाठी थांबा, लोक फोटो नाही म्हणून आधीच निघून जातात.

बाकी पॉइंट तुम्हाला माहीतच आहेत, देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट, आवाज पुन्हा पुन्हा परत येतो तो पंचबोल. सकाळी लवकर करून टाका. खरा दिवस राखून ठेवा गाविलगडासाठी.

(किल्ल्याचा दरवाजा, पायऱ्या, शेवाळ)

हा गड मूळचा गवळ्यांचा, म्हणून गाविलगड असं सांगतात. पक्कं दगडी बांधकाम बहमनी सुलतान अहमदशाहचं, साल 1425. मग आला फतहुल्ला इमाद-उल-मुल्क, वऱ्हाडची इमादशाही उभी करणारा. हा माणूस जन्मानं विजयनगरकडचा हिंदू, लहानपणी लढाईत पकडला गेला आणि पुढं वऱ्हाडचा सुभेदार झाला. हे माहीत असलं की दिल्ली दरवाजावरचं शिल्प कळतं. जवळ जा, मान वर करा. दोन डोक्यांचा पक्षी, चोचीत हत्ती धरलेले. हा गंडभेरुंड, विजयनगरच्या बाजूचं चिन्ह, आणि तो इथं सातपुड्यात एका मुसलमान सुलतानाच्या दरवाजावर कोरलाय. माणूस कुठंही गेला तरी आपलं गाव सोबत नेतो, हे मला त्या दगडासमोर उभं राहून जेवढं पटलं तेवढं कुठंच पटलं नाही.

आता आपल्या नागपूरचा भाग. वऱ्हाड आणि हा गड पुढं नागपूरकर भोसल्यांकडं आला. 1803 साली दुसरे रघूजी भोसले इंग्रजांशी लढत होते. 29 नोव्हेंबरला अडगावला पराभव झाला, फौजेतले बरेच लोक मागं सरून या गडावर आले. किल्लेदार होता बेनीसिंग. खाली देवगावला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा तळ. हो, तोच, ज्यानं पुढं 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

दक्षिणेकडून हा गड चढणं अवघड, ते तुम्ही कठड्यावरून खाली वाकून बघितलं की समजतं, पोटात गोळा येतो. म्हणून दुसरा इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सन याची तुकडी लांबचा वळसा घालून उत्तरेकडून आली, जंगलात स्वतःच रस्ता पाडत, जड तोफा ओढत. हे सगळं डिसेंबरच्या थंडीत. 13 तारखेला तोफा सुरू, तटाला खिंडार, आणि 15 डिसेंबरला हल्ला. बाहेरचा किल्ला पडला, पण आतला किल्ला वेगळा आहे आणि मध्ये घळ आहे. त्या घळीत कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या घेऊन उतरली, समोरच्या तटावर चढली आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढता लढता पडला.

(घळीचं दृश्य, दोन्ही बाजूंचे तट, नुसता वाऱ्याचा आवाज)

आम्ही त्या घळीच्या काठावर बराच वेळ बसलो. गाईड नाही, बोर्ड नाही, कुणी काही सांगणारं नाही. दोन दिवसांनी, 17 डिसेंबर 1803 ला, देवगावचा तह झाला. त्यात रघूजींनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा! सकाळी आपण ज्या पुलावरून आलो, त्या नदीपाशी नागपूरचं राज्य येऊन थांबलं. या डोंगरातले गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले तेवढे भोसल्यांकडं राहिले, तेही 1822 मध्ये निजामाकडं गेले. लगेच पुढच्या वर्षी कॅप्टन रॉबिन्सन नावाचा इंग्रज अधिकारी फिरत इथं आला, त्याला हवा आवडली आणि थंड हवेचं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याची नवी गोष्ट सुरू झाली. पुढं 1858 मध्ये तात्या टोपेंच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी गडाचे तट पाडले. आपण शाळेत इतिहास शिकलो, पण हे मला कुणी वर्गात सांगितल्याचं आठवत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

गडावरून संध्याकाळच्या आत खाली या, सगळं जंगल आहे, अस्वलाचा भरवसा नाही. हा सगळा मेळघाट, 1973 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक.

आणि हे जंगल कोरकू आदिवासींचं आहे. त्यांची भाषा मराठीची नाही, गोंडीचीही नाही, ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली, आणि ते नातेवाईक पार झारखंड-ओडिशाकडं. पाण्याला 'डा' म्हणतात. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. त्यांची गावं बघा, मधून सरळ रुंद वाट आणि दोन्ही बाजूला घरांच्या ओळी, दारं समोरासमोर. अंगणं इतकी स्वच्छ सारवलेली की चप्पल बाहेरच काढावीशी वाटते.

परत येताना मोथा गावात थांबा. हिवाळ्यात असाल तर स्ट्रॉबेरी शेतातूनच घ्या, आणि गवळ्यांकडचा खवा. इथं कॉफीही होते, महाराष्ट्रात कॉफीचं पीक बघायचं तर इथंच. झाडावरची लाल फळं पहिल्यांदा बघून आमच्यातल्या एकानं ती करवंदासारखी तोंडात टाकली, आणि खरंच, वरचा गर गोड लागतो.

(रात्र, परतीचा रस्ता, पुलाचे कठडे)

नऊ वाजता वर्धेच्या पुलावर होतो. गाडी बाजूला लावून थोडं चालत गेलो. खाली पाण्यावर कुणाच्या तरी बॅटरीचा उजेड हलत होता, मासे धरणारे असावेत.