रोजची आठ मिनिटं

(दृश्य: चटईवर पालथी पडलेली, डाऊन सिंड्रोम असलेली दीड वर्षाची मुलगी, समोर लाल चेंडू.)

हिला उठून बसायचंय. कशी बसते बघा. दोन्ही पाय बाजूला फाकवत ती पार आडवे नेते, हातांनी जमीन रेटते आणि बसते. बघणाऱ्याला कौतुक वाटतं, फिजिओथेरपिस्टला मात्र नाही. या युक्तीत कंबर वळतच नाही, पोटाच्या स्नायूंना काम पडत नाही, आणि पुढे चालताना लागणार आहेत ते हेच स्नायू. म्हणून फिजिओथेरपिस्ट ताई तिच्या मांडीवर हलकेच हात ठेवतात आणि चेंडू थोडा बाजूला सरकवतात. मुलगी कुशीवर वळते, कोपरावर भार घेते, उठते. मग पुन्हा पालथी, पुन्हा चेंडू.

डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेक मुलांच्या शरीरात २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. स्नायू ढिले, सांधे नको इतके लवचिक. चालायला साधारण दोन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. ‘चालेल की कधीतरी’, असं घरचे म्हणतात. चालतंही. पण स्वतःच्या पायांनी वस्तूपाशी गेलेलं मूल ती उचलतं, आणून दाखवतं, काहीतरी मागतं. बोलायला कारण मिळतं ते तिथे.

(दृश्य: छोटी ट्रेडमिल, बाळाच्या काखेत हात घालून त्याला तिच्यावर उभं धरलेले बाबा.)

‘इंटेन्सिव्ह थेरपी’ म्हटलं की पालकांना तासन्‌तास घाम गाळणं आठवतं. पण २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरच्यांनी बाळाला छोट्या ट्रेडमिलवर धरायचं होतं. रोज आठ मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, घरीच. ही बाळं सरासरी सुमारे शंभर दिवस आधी चालू लागली. तुलनेतल्या बाळांनाही फिजिओथेरपी होतीच. ट्रेडमिल तेवढी नव्हती.

(दृश्य: टेबलापाशी मुलगा, समोर चित्रांची कार्डं.)

बोलण्याचं कोडं जास्त अवघड. या मुलांना समजतं पुष्कळ, बोलता येतं कमी. तोंडाची पोकळी लहान, जीभ सैल. शिवाय मधल्या कानात अनेकदा द्रव साचतो, म्हणून कानांची तपासणी आधी. शिट्ट्या आणि फुगे फुगवणं खूप लोकप्रिय आहे, पण त्याने उच्चार सुधारतात याला भक्कम आधार नाही. बोलणं सुधारायला बोलण्याचाच सराव हवा. हातांच्या खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं थांबेल, ही भीतीही नको. खुणेने मागायला शिकलेलं मूल शब्दाकडेही वळतं.

आता बोलणं शिकवणाऱ्या या ताईंकडे बघा. ‘काय हवं?’ विचारून त्या गप्प बसल्यात. मनात दहापर्यंत मोजतायत. शेजारी आईचे ओठ हलतायत, उत्तर तिच्या जिभेवर आलंय. सगळ्यात कठीण व्यायाम खरं तर तिचाच चाललाय. ‘बॉ’, मुलगा म्हणतो, आणि चेंडू लगेच त्याच्या हातात.

एक गोष्ट मात्र टाळू नका. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, काहींच्या मानेचे वरचे मणके अस्थिर असतात. जोराचे व्यायाम, कोलांट्या, ट्रॅम्पोलिन, सगळं डॉक्टरांना विचारूनच.

आणि सत्र संपताना थेरपिस्टकडे व्यायामांची लांबलचक यादी मागू नका. या महिन्यात कोणती हालचाल आणि कोणते शब्द, एवढंच विचारा. ते आंघोळीत, जिन्यावर, कपडे घालताना बसवता येतं. यादी दोन दिवसांत कपाटात जाते.